पायाचं काम पाचरीला

खारदांड्याच्या मासळी बाजारात अंजनाबाईची जागा नळाजवळ. तिच्या सासूची तीच, सासूच्या सासूचीही तीच. जमिनीवर लाकडी पाट, पाटाला जोडलेली विळी, पाटावर उजवा पाय दाबलेला आणि दोन्ही हात मोकळे. सुरमई दोन्ही हातांत धरून ती विळीवर अशी ओढते की सगळे तुकडे एका जाडीचे पडतात. मी आयुष्यभर सुतारकाम केलं. कुणाचा हात बसलेला आहे आणि कुणाचा नुसता चालतोय, एवढं मला बघून कळतं. अंजनाबाईचा हात बसलेला आहे.

तोंड त्याहून तयार. गिऱ्हाइकाने पापलेट दाबून पाहिलं की म्हणते, "किती दाबतंस? लगीन करायचंय काय त्याच्याशी?" लहान असो, मोठा असो, ती सगळ्यांना अरेतुरे करते.

मध्यंतरी तिचे गुडघे गेले. डॉक्टरने जमिनीवर बसायचं बंद सांगितलं. ती तरी बसायची. उठताना शेजारची क्षमा काखेत हात घालून तिला उभी करायची. बाजारात बायकांनीच केलेला एक नियम आहे. पावसाळ्यानंतर धंदा सुरू झाला आणि एखादी बाई आली नाही, तर तिची जागा, जागेसाठी थांबलेल्या दुसऱ्या बाईला जाते. अंजनाबाईची सून दिपाली मालाडला ऑफिसात जाते. ती मासळीवर बसणार नव्हती आणि तसं तिने सरळ सांगितलं होतं. म्हणजे अंजनाबाई उठली की तीन पिढ्यांची जागा उठली.

त्याच सुमारास बाजार नव्याने बांधायचं ठरलं. बाजाराच्या सोसायटीने काम नमिताला दिलं. ही आर्किटेक्ट पोरगी घाटकोपरची. वडील गिरणीत होते, गिरणी गेल्यावर वॉचमन झाले. तिने सगळ्या बायकांना एकत्र बसवलं आणि काय हवं ते विचारलं.

पहिली बोलली अंजनाबाई. "उंच ओटा पायजे. टायल्सचा. आमी उभ्या राहून धंदा करू. लोकांच्या पायाशी बसून जन्म गेला."

बायकांनी टाळ्या वाजवल्या. नमिताने उंच ओटा काढला.

पण बांधायच्या आधी तिने मला बोलावलं. मी काम सोडून घरी बसलो होतो. एका कंत्राटदाराने माझं नाव तिला दिलं होतं.

"काका, एक ओटा खऱ्या मापाचा करून द्या. पण जुन्या प्लायचा. पॉलिश नको, काही नको. मोडायचाच आहे."

"मोडायचा तर करायचा कशाला?"

"बायका त्यावर काम करून बघतील. प्लायचा चुकला तर आपण कापू. सिमेंटचा चुकला तर तो यांनाच जन्मभर पुरेल."

मला पटलं नाही. मोडायला म्हणून काम करायची माझ्या हाताला सवय नाही. केला तरी कोपरे काटकोनात केले. ती म्हणाली, "एवढं नको हो." मी म्हटलं, "तुला नको असेल, मला लागतं."

ओटा नळाजवळ ठेवला. अंजनाबाई त्यामागे उभी राहिली. विळी ओट्यावर ठेवली तर घसरत होती, कारण दाबायला पाय एवढा वर येणार कसा? मग तिने सुरी घेतली. नमिताने विचारलं, "कसा आहे मावशी?"

"झकास."

दुसऱ्या दिवशीही झकास.

नमिताने विचारणं सोडलं. प्लास्टिकचं स्टूल आणून ती अंजनाबाईच्या मागे बसली. कागद नाही, पेन्सिल नाही. बाजार उठेपर्यंत नुसती बघत होती. मला आधी वाटलं, पोरगी वेळ काढतेय. पण अंगावर पाणी उडालं, खवले उडाले, पायाशी मांजरं आली, तरी ती हलली नाही. नुसत्या बघण्यालाही पाठ लागते, हे मी तेव्हा पाहिलं.

लहान मासळी अंजनाबाई सुरीने स्वतः कापत होती. सुरमई आली की हळूच खाली क्षमाकडे सरकवत होती. क्षमा विळीवर तुकडे करून वर द्यायची. एका गिऱ्हाइकाने विचारलं तर अंजनाबाई म्हणाली, "मी आता साहेब झाले रं. हाताखाली माणूस ठेवलाय."

जागा धुवायची वेळ झाली तेव्हा नमिता म्हणाली, "मावशी, सुरमई क्षमाताईंकडे का देता?"

"माझी मर्जी."

"ओटा चुकलाय ना?"

अंजनाबाई पाणी मारत राहिली. मग बादली खाली ठेवली. "मीच मागितला गो. सगळ्यांसमोर, मोठ्या तोंडाने. आता नाय कसा म्हणू? खाली बसवत नाय. वर विळी चालत नाय. मी घरीच बसते. सांग तुझ्या सोसायटीला, जागा दे म्हणावं कुणाला तरी."

"तुम्ही मागितला आणि मी न बघता काढला. दोघी चुकलो. प्लायच आहे हा." नमिता विळीपाशी वाकली. "यावर पाय कशाला लागतो?"

"नाचायला!" क्षमा खालून हसली. अंजनाबाई नाही हसली. म्हणाली, "दाबायला. नायतर पाट पळतो."

"पाय फक्त दाबायचं काम करतो? कापत नाही?"

"कापतात हात."

नमिताने माझ्याकडे बघितलं. "काका, लाकूड पळू नये म्हणून तुम्ही काय करता?"

"पाचर मारतो."

आम्ही ओटा तिथेच कापला. आता अंजनाबाई ओट्यावर बसणार आणि पाय आत केलेल्या खळग्यात सोडणार, खुर्चीत बसल्यासारखे. मांडी नाही, उकिडवं नाही. समोर विळीच्या पाटाला बसेल एवढी चौकट, बाजूने पाचर. क्षमाने बघून नाक मुरडलं. "म्हणजे फिरून लोकांच्या पायाशीच ना?" ते खरं होतं. उंच ओटा मागण्यात गुडघा होता, तसा हा रागही होता. नमिताने बैठकच उचलली, इतकी की बसलेल्या बाईचे डोळे उभ्या गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर यावेत. चढायला मागून बुटक्या पायऱ्या, धरायला पाइप.

एका फटक्यात काही जमलं नाही. पाचर उजवीकडे होती, ती गुडघ्याला लागली. डावीकडे घेतली. मी ती चांगल्या सागाची, घासून गुळगुळीत केली होती. दुपारपर्यंत पाणी पिऊन फुगली आणि अडकली. अंजनाबाई ओरडायला लागली. "विळी सासूची हाय! रोज घरी नेते मी. हिला इथं कुत्र्यामांजरांत ठेवू?" शेवटी पाचर वजनाच्या मापाने ठोकून काढली. ती म्हणाली, "बग मिस्त्री, माझ्या गुडघ्यासारखी झाली तुझी पाचर."

मग जाड नायलॉनची केली, ओल्या हाताने धरता येईल अशी मूठ ठेवून. सागाचा आग्रह मी सोडला. तो माझ्यासाठी होता, तिच्यासाठी नव्हता.

नवी पाचर आणली त्या सकाळी अंजनाबाई पाइप धरून चढली, पाय आत सोडले, पाचर हाताने ठोकली. विळी हलवून बघितली. हलली नाही. सुरमई घेतली, दोन्ही हातांनी ओढली. पहिला तुकडा, दुसरा, तिसरा. एका जाडीचे. नमिता माझ्याशेजारी उभी होती. अंजनाबाई झकास म्हणाली नाही. मान वर न करता हात पुढे करून म्हणाली, "दुसरी दे."

नमिता म्हणाली, "काका, आता सिमेंट."

सगळ्या बायकांनी तसाच ओटा घेतला नाही. काहींना उभं राहायचंच होतं. त्या बारीक मासळी विकतात, त्यांना चालतं. नमिताने त्यांची रांग वेगळी केली. आमचा प्लायचा ओटा तेव्हा मोडला. फळ्या अंजनाबाईने घरी नेल्या.

पावसाळ्यानंतर बाजार सुरू झाला तेव्हा मी मासळीला गेलो. नळाजवळची जागा भरलेली होती. अंजनाबाई वर बसली होती आणि मान न उचलता सरळ माझ्या डोळ्यांत बघत होती.

"गुडघा कसा आहे?" मी विचारलं.

"दुखतोय. गुडघा थोडाच नवा बसवलास तू? जागा तेवढी ठेवलीस." तिने पाचरीवर हाताची थाप दिली. "बांगडे घेतंस की नाय? मागं गिऱ्हाईक खोळंबलंय."