बर्फ म्हणजे पांढरी वाळू

आधी टायरला लाथ, मग रामराम. दारात गाडी कुणाचीही उभी असो, हा टाचेनं चारी चाकांना एकेक हाणायचा, कान तिरका करून आवाज ऐकायचा आणि म्हणायचा, "हवा जास्त हाय मिस्त्री, काढा थोडी." असला माणूस तुम्हीही पाहिला असेल. दुसऱ्याच्या कामात नाक खुपसतो, पण राग काही येत नाही.

नव्वदच्या पुढची ती वर्षं. बहारीनला मीना सलमानमध्ये मी टायरच्या गॅरेजात होतो. हा संगमेश्वराकडचा, एका व्यापाऱ्याकडे गाडीवर होता. आम्ही सगळे त्याला डायवरच म्हणायचो.

वाळूत गाडी चालवावी तर त्यानं. दुसऱ्यांच्या गाड्या रुतायच्या तिथून हा रुंद चाकांची अर्धी हवा काढून तरंगत जायचा. "वाळूला दाबायचं नाय मिस्त्री, तिच्यावर हलकंच निजायचं," असं म्हणायचा आणि स्वतःच लाजायचा. बायको गावाला. लग्नाला बरीच वर्षं झालेली, पण दोघांचा संसार काय तो सुट्टीपुरता.

एका थंडीत अरबाबनं, म्हणजे त्याच्या मालकानं, त्याला सांगितलं की जीप तुर्कस्तानात नेऊन पोचव. अरबाबनं तिथं डोंगरात घर घेतलं होतं. जीप धड पोचली की बायकोचा फॅमिली व्हिसा करून देतो, हेही सांगितलं. माणूस हरखून गेला. त्याच आठवड्यात बहारीनमध्येच, गुदैबियात दोघांसाठी एक खोली धरून आला, आणि तिथून माझ्याकडे.

"मिस्त्री, वाटेत बर्फ लागणार. साडेदहा इंच रुंदीचे टायर द्या, पंधराच्या रिमवर."

"बर्फात चाललास का वाळूत?" मी म्हटलं. "जीपची मूळची चाकं आहेत ना, साडेसात-सोळाची? अरुंद, उंच. तीच ठेव. वर खोल नक्षीचे बर्फाचे टायर मागवू."

"बर्फ म्हणजे काय वो? पांढरी वाळू."

"अरे, वाळूवर तरंगायचं असतं. बर्फ कापून खालचा रस्ता धरायचा असतो. रुंद चाक बर्फावर चढून बसतं आणि घसरतं."

"मिस्त्री, तुम्ही बर्फ पाहिलाय तो गोळेवाल्याच्या गाडीवर!"

सगळे हसले. मी चौथी पास माणूस, पण गल्फला येण्याआधी दोन हिवाळे लडाखात रस्त्याच्या कामावर ट्रकांची चाकं बदलली आहेत. ते त्याला ठाऊक होतं. मी त्याचा हात धरला आणि जीपच्या मडगार्डखाली घातला. "बघ. टायरच्या वर, आतल्या अंगाला किती जागा आहे. बर्फ वाढला की चाकाला साखळी बांधावी लागते. तुझा रुंद टायर बसला की इथं बोट जायचं नाही. साखळी कुठं घालशील?"

"साखळी बैलाला," तो म्हणाला. "खलास. तुम्ही बसवताय का नाय?"

"नाही."

तो जिदहफ्सला दुसऱ्या दुकानात गेला, रुंद चाकं बसवून घेतली आणि मुद्दाम माझ्या दारावरून आला. रिम चमकत होत्या. काच खाली करून म्हणाला, "बायको आली की पहिलं जेवण तुम्हाला. फक्त जेवताना चाकांवर बोलायचं नाय."

"आधी परत तर ये."

"इंशाल्ला म्हणावं, मिस्त्री."

"इंशाल्ला," मी म्हटलं.

पुढचं अरबाबच्या ऑफिसातल्या क्लार्कनं सांगितलं. तुर्कस्तानातल्या घाटात बर्फ पडत होता. पोलिसांनी गाड्या थांबवून साखळ्या बांधायला लावल्या. यानं तिथंच साखळी विकत घेतली आणि बर्फात गुडघे टेकून बांधायला बसला. मागचा ट्रकवाला बघत होता. साखळी आत जाईना. मग यानं चारी चाकांची हवा काढली, वाळूत काढायचा तशी, आणि पोलिसांची पाठ वळल्यावर निघाला. पहिल्याच उतारावर रस्ता वळला, जीप वळली नाही.

साखळी मागच्या सीटवर सापडली.

त्या चाकांना माझा हात लागलेला नाही. हे मी कुणालाही छाती ठोकून सांगेन. सांगून काय होतं, ते मात्र विचारू नका.

गुदैबियातली खोली रिकामी करायला मीच गेलो. गॅसची नवी शेगडी, दोन ताटं, अजून घडीतली चादर. भिंतीत त्यानं ओळीनं खुंट्या ठोकल्या होत्या, पण माझ्या छातीपेक्षाही खाली. भांड्यांची फळीसुद्धा तशीच खाली. एवढा उंच माणूस, वाकून कपडे अडकवणार होता की काय? मग त्यानं दाखवलेला लग्नाचा फोटो आठवला. बायको जेमतेम त्याच्या कोपराला लागत होती.

दारात बिल्डिंगचा मल्याळी रखवालदार उभा होता. खुंट्यांकडे बोट करून म्हणाला, "इतना नीचे कौन लगाया? निकाल दो."

"उसकी औरत छोटी है," मी म्हटलं.

मी खुंट्या तशाच ठेवल्या आणि किल्ली त्याच्या हातात दिली.