उंदरीच्या दिवशी मिटवलेले सापळे

भात पोटरीला आलं की उंदरांचा हंगाम सुरू होतो आणि माझा जीव मेटाकुटीला येतो. नोकरी बेळगावात, शेत खानापूरकडे, आणि वर आक्काचा रोज फोन. "पट्टीत शिरल्यात रं. ये आणि सापळं लाव. एकबी जिता सोडू नगंस."

पट्टी म्हणजे आमच्या शेताच्या कडेचं तिचं अरुंद खाचर. आक्का माझी थोरली बहीण. नवरा गेल्यावर ती सासर सोडून आमच्याकडे आली, तेव्हा पदरात त्या घरचं जुनं वासाचं भात बांधून आणलं होतं. तिथून आणलेलं तेवढंच. आता ते तिकडेही कुणी लावत नाही; ती दरसाल या पट्टीत लावते. गेल्या साली उंदरांनी इतकं कातरलं की जेमतेम पेरण्यापुरतं हाती लागलं. यंदा गेलं तर बियाणंच संपणार होतं.

उंदीर म्हणजे महासंशयी. नवा सापळा दिसला की लांबूनच वळतो. म्हणून आधी चाप न चढवता नुसतं भजं ठेवायचं, त्याची भीड चेपू द्यायची, आणि मग एकदम सगळे चाप चढवायचे. मी रोज पहाटे बांधावर ओणवा, रोज ऑफिसला उशीर, रोज साहेबाची बोलणी. हॉटेलातली गरम कांदाभजी मी उंदरांना चारत होतो. माझ्या पोरांसाठी कधी इतक्या नेमानं काही आणलं नाही, हे बायकोनं ऐकवलंच. पण उंदीर सोकावले. शेवटी गणपती बसल्यावर एका दुपारी मी सगळे चाप चढवले.

दिवस मावळायच्या आत एकदा बघून यावं म्हणून गेलो, तर सगळे सापळे मिटलेले. भजी बांधाखाली फेकलेली. आणि आक्का पट्टीच्या तोंडाशी पानावर भात नि पुरणाचे कडबू मांडून उदबत्ती लावत होती.

"आक्के, हे कुणी केलं?"

"मी. आज उंदरी हाय."

गणपतीच्या वाहनाचा दिवस. आमच्याकडे त्या दिवशी शेतात उंदराला नैवेद्य दाखवतात आणि घरात मटण करतात. सापळ्यांच्या नादात मी साफ विसरलो होतो. पण म्हणून काय?

"अगं, तूच म्हणालतीस न्हवं, एकबी सोडू नगंस म्हणून?"

"व्हय. पन आज न्हाय. उद्या लाव."

"घरात सकाळपासनं मटण शिजतंय, ते चालतं? आज उंदरी हाय हे उंदराला तरी ठाऊक हाय काय?"

"आपल्याला ठाऊक हाय न्हवं," ती म्हणाली आणि पदर सावरून घराकडे निघाली. माझ्या डोक्यात तिडीक गेली. वाटलं, तिच्या पाठीमागे सगळे चाप परत चढवावेत. पण ती वळून वळून बघत होती. मी पाय आपटत घरी आलो.

सकाळी दोघंही गेलो. बांधावरून पट्टी जशीच्या तशी उभी दिसली. पानावरचा नैवेद्य साफ झाला होता.

"बघ," आक्का म्हणाली. "उगंच आरडत हुतास." तिचं तोंड खुललं होतं.

मी चिखलात उतरलो, भाताची ताटं बाजूला केली. काठाला दोन-तीन ओळी तेवढ्या शाबूत होत्या. आत सगळं कातरून आडवं पडलं होतं.

सांगूच नये असं वाटलं. पण ती मागोमाग उतरली होती. तिनं एक तुटलेलं ताट उचललं, पोटरी सोलून आतली कोवळी लोंबी बघितली. मी तयारच होतो. कालपासून साठलेलं सगळं ओठांवर आलं होतं.

"रागवू नगंस रं," ती म्हणाली. "काल हात जोडून सांगितलतं त्यास्नी. तुजं थोरलं शेत खावा म्हटलं, एवढी पट्टी सोडा."