वहिनींची सैल मच्छरदाणी

वहिनी गेल्या हे माझ्याआधी मांजराला कळलं, असं मी हैदराबादेतल्या आमच्या अख्ख्या बरकतपुऱ्याला सांगत सुटलोय. खरं म्हणजे दादांनी खालून हाक मारली, आणि जन्मात कधी गप्प न बसलेला मी जिन्यातच बसून राहिलो…

वसुधावहिनी पेशींवर संशोधन करायच्या. पेशीच्या आत म्हणे पडदे असतात, साबणाच्या फुग्याहूनही पातळ, आणि त्यांना चिकटून वाकवणारी प्रथिनं. वहिनींचं प्रथिन केळ्यासारखं बाकदार. त्याची आतली बाजू पडद्याला चिकटते, पडदा तसाच वळतो, त्याची नळी होते, आणि पेशीतली मालवाहतूक सुरू. इराण्याच्या हॉटेलात मी हे इतक्यांदा सांगितलंय की तिथे मला डॉक्टरसाब म्हणतात. निदान मी तरी तसं सांगतो.

पण हे केळं एकट्याच्या बळावर पडदा वाकवतं का? गाडं तिथेच अडलं होतं. चरबीचे इवलेसे फुगे पाण्यात सोडायचे, वरून चमकता रंग लावलेलं प्रथिन. ते चिकटायचं, चमकायचं… फुगा मात्र ढिम्म गोल. तुमच्या केळ्यात दमच नाही, असं बाहेरचे लोक म्हणू लागले. त्यात वहिनींना बरा न होणाऱ्या आजाराने गाठलं. ‘जायचं काही नाही हो, भावोजी,’ वहिनी म्हणाल्या, ‘पण हा फुगा असा गोल ठेवून जायचं म्हणजे…’

डेंग्यूचे दिवस होते. त्यांच्या पलंगावर मच्छरदाणी मी बांधली. माझी गाठ अशी की तिला चारमिनार टांगावा. जाळीवर तबला वाजला असता! एका दुपारी कपाटावरून मांजराने तिच्यावर उडी मारली आणि ते सतरंजीवर बसावं तसं ऐटीत बसलं. वहिनी खालून बघत राहिल्या. मी त्याला हाकलणार, तोच म्हणाल्या,

‘राहू द्या. आधी कोपऱ्यातली गाठ सोडा.’

‘मांजर नाकावर येईल तुमच्या.’

‘येऊ द्या. जन्मभर सगळं ताणूनच बांधलंत, एक तरी सोडा.’

सोडली. मांजर हळूच खाली आलं, आणि जाळी त्याच्या पोटाभोवती वाटीसारखी वळली. वहिनींनी लगेच त्यांच्या विद्यार्थिनीला, श्रावंतीला फोन लावायला सांगितलं. तिला त्या इकडच्या रीतीने लाडाने ‘अम्मा’ म्हणायच्या. ‘अम्मा, फुगे भौत तने हुए हैं. बाहर के पानी में शक्कर जरा बढ़ाओ. अंदर का पानी निकलेगा, ढीले पड़ेंगे.’ पलीकडून ‘हौ मॅडम’ आलं. मग मला म्हणाल्या, ‘मांजराचं वजन कमी नव्हतं, भावोजी. जाळी वाव देत नव्हती.’

त्यानंतर थोड्याच दिवसांत त्या गेल्या.

परवा श्रावंती घरी आली. साखर वाढवून केलेला प्रयोग अजून पुन्हापुन्हा करून बघावा लागेल, असं आधीच बजावून तिने फोन पुढे केला. स्क्रीनवर एक सैलसर फुगा थरथरत होता. प्रथिन चिकटलं, चमकलं… आणि फुग्यातून शेवयांसारख्या नळ्या बाहेर निघू लागल्या. दादांनी ते इतक्यांदा पाहिलं की त्या फोनवर चहा उकळला असता. तिघांपैकी कोणाचेच डोळे कोरडे नव्हते, आणि तिघेही हसत होतो.

ती गेल्यावर दादा म्हणाले, ‘ती मच्छरदाणी तरी नीट बांध रे.’ मी स्टुलावर चढलो, सुटलेली दोरी हातात घेतली. जाळीच्या त्या खळग्यात मांजर गाढ झोपलं होतं.

दोरी तशीच लोंबती ठेवून खाली उतरलो.