भेंडीच्या शेतातला फोटो

मंडळी, अजून डोकं तापलेलं आहे, म्हणून लिहितेय.

आमची नोएडातली संस्था यमुनेकाठी भाजी पिकवणाऱ्या छोट्या शेतकऱ्यांना मोबाइलवरून आणि रेडिओवरून प्रशिक्षण देते. भेंडीवरची कीड कशी ओळखायची, औषध कधी मारायचं, असं. रेडिओवरचा आवाज माझा.

आज अहवालासाठी फोटो हवे होते, म्हणून फोटोग्राफरला घेऊन शेतावर गेले. आमच्याकडे नाव नोंदवलेला राजबीर शेतात नव्हताच. भेंडी तोडत होती त्याची बायको, सुनीता. तो मानेसरला गाड्यांच्या कारखान्यात आहे. फोन त्याच्याकडे, रेडिओही त्याच फोनवर. म्हणजे इतके महिने मी कीड समजावत होते कंपनीच्या बसमध्ये बसलेल्या माणसाला!

मी साहेबांना फोन लावला. आमचे साहेब पुण्याचे. म्हणाले, “अगं यार, त्याने ऐकलं ना? मग झालं ट्रेनिंग. फोटो मात्र बाईचाच घे, चांगला दिसतो.”

फोटोग्राफरने माझाच फोन तिच्या हातात दिला. ती खुलली. मला म्हणाली, “दीदी, इसमें वो भिंडी वाला लगा दो ना, मैं भी सुन लूँ.”

“पहले स्माइल,” फोटोग्राफर म्हणाला.

ती हसली. फोटो झाला. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. मी फोन परत घेतला आणि गाडीत बसले.

संध्याकाळी ऑफिसच्या ग्रुपवर तो फोटो आला. खाली लिहिलंय, ‘ज्ञान आता तिच्या हातात’. सगळे टाळ्या वाजवतायत.

तुमच्यापर्यंत तो आला, तर लाइक करण्याआधी एवढंच विचाराल का, की फोन कुणाचा आहे?