मामाला वाचून दाखवलेली गोष्ट

आता काय सांगू तुम्हाला, माझी अब्रू मी स्वतःच, चष्मा लावून, मोठ्याने वाचून घालवली.

आचऱ्याचा माझा मामा आजारी पडला. मूलबाळ नाही, मामी गेलेली, आणि घरामागे चांगली धरणारी काजूची बाग. साहजिकच आम्ही तिन्ही भाचे धावलो. बाबी आणि दिगू, म्हणजे माझे मावसभाऊ, सकाळपासून पडवीत बसून बागेच्या हद्दी बोटाने दाखवत होते. या दोघांनी जन्मात कॅलेंडरच्या मागच्या पानापलीकडे काही वाचलेलं नाही. मला त्यांची कीव आली.

मी मात्र माझ्या आवडत्या लेखकाच्या कथांचं पुस्तक नेलं होतं. कॉलेजात असताना त्यातली एक गोष्ट वाचून मी हसता हसता खाटेवरून पडलो होतो. नेमका कशाला हसलो, ते तीस वर्षांत विसरलो होतो, एवढंच.

"माणसाला अशा वेळी साहित्य लागतं," असं दोघांना ऐकवून मी मामाच्या उशाशी बसलो.

पहिल्याच पानावर एक म्हातारा अंथरुणाला खिळला. दुसऱ्यावर नातेवाईक जमले. तिसऱ्यावर ते जमीन वाटून घ्यायला लागले. मी पुस्तक मिटलं.

"थांबलंस कित्याक?" चार दिवस पेजही न गिळलेला मामा चक्क उठून बसला. "वाच. मगे काय झाला?"

वाचलं. बाबी दारात आला. "ह्या काय आमका टोमणे मारूक आणलंस?"

"अरे, छापलेलं आहे."

"छापलेला आसा म्हणान वाचूकच व्हया?" दिगू म्हणाला. दोघे चपला घालून चालते झाले. वाचनाची सवय नसली की असं होतं, असं मी मनात म्हटलं आणि पुढे वाचू लागलो.

शेवटी गोष्टीतला म्हातारा सगळ्यांना हाकलतो. उरतो फक्त एक भाचा. तो रोज गोड आवाजात पोथी वाचून दाखवतो आणि वाचता वाचता उशीखालचे कागद चाचपतो. हा भाचा मी साफ विसरलो होतो. कळेपर्यंत वाक्य तोंडातून गेलं होतं.

मामा खोकला येईपर्यंत हसला. मग डोळे पुसून त्याने आपली उशी, खाली ठेवलेल्या बागेच्या कागदांसकट, उचलून मांडीवर घेतली.

"तुझो लेखक हुशार आसा रे," तो म्हणाला. "तेका तू खंय भेटलंस?"