पूर्णिमामावशीच्या तळ्यावरची सारसं

माझी पूर्णिमामावशी इंदूरच्या जुनी इंदूर भागात वाढली आणि अर्धं आयुष्य तिनं भंवरकुआंला विद्यार्थ्यांची मेस चालवली. कोचिंगसाठी आलेली रीवा, सागर, बैतूलकडची मुलं तिच्या हातचं जेवून मोठी झाली. त्या सगळ्या काळात तिनं पाहिलेले प्राणी म्हणजे गल्लीतली कुत्री, गच्चीवरची कबुतरं आणि भिंतीवरची पाल. पाल दिसली की ती पोळी तव्यावर टाकून बाहेर यायची आणि कोणीतरी आत जाऊन "गेली" म्हणेपर्यंत परत फिरकायची नाही.

म्हणूनच मेस बंद करून तिनं आणि पांडुरंगकाकांनी इंदूरबाहेर, सिमरोलच्या पुढे तळ्याकाठी घर घेतलं, तेव्हा आई म्हणाली, "दिवाळीच्या आत परत येते की नाही बघ."

काकांना दम्याचा त्रास, त्यांना मोकळी हवा हवी होती. घर लहान होतं, पण ओटा थेट तळ्यावर उघडायचा. पावसाळ्यात पाणी अंगणाच्या दगडांपर्यंत यायचं. काका फोनवर सगळ्यांना सांगायचे, "इंदूरवाल्यांनो, समुद्र बघायचा असेल तर गोव्याला कशाला जाता? आमच्याकडे या."

पहिल्याच महिन्यात एका सकाळी मावशीचा फोन आला. मी ऑफिसला निघाले होते.

"रुची, तू ऐक तर सही. माझ्या बाथरूममध्ये मगर आहे."

"मगर?"

"छोटी आहे. पण मगरच आहे. जीभ काढते, दोन टोकांची."

ती घोरपड होती. काकांनी मागचं दार उघडून ठेवलं, तशी ती डुलत डुलत निघून गेली. मी वाट पाहत होते की मावशी आता म्हणेल, बस झालं, आम्ही परत येतो. पण ती म्हणाली, "काय चाल होती गं तिची. एकदम ठसक्यात गेली."

त्यानंतर तिचे फोन रोज येऊ लागले. नीलगाईंनी पालक खाल्ला, आणि तिला आधी वाटलं कोणाचे तरी घोडे सुटलेत. मुंगसानं ओट्यावर साप धरला. दुसऱ्या दिवाळीला आम्ही तिच्याकडे गेलो, तर तिच्या गळ्यात दुर्बीण होती आणि फराळाची ताटं वाढताना तिचं अर्धं लक्ष पाण्याकडे होतं.

गेल्या वर्षी श्रावणात सारसाची जोडी आली. माणसाच्या उंचीचे राखाडी पक्षी, डोकं आणि मान लालभडक. काठापासून थोड्या अंतरावर, उथळ पाण्यात, त्यांनी गवत आणि देवनळाच्या काड्या ओढून ढीग रचला आणि त्यावर दोन अंडी घातली. मावशीनं ओट्यावरचा रेडिओ बंद केला. कपडे धुवायचे ते मागच्या बाजूला. काकांनी मोठ्यानं शिंकलेलंही तिला चालेना.

"अगं, शिंक काय विचारून येते का?" काका म्हणाले.

"आत जाऊन शिंका," मावशी म्हणाली.

मग पावसाची झड लागली. मी त्या शनिवारी सकाळी पोचले, तर मावशी भिजत अंगणात उभी होती. मला "आलीस?" एवढंही न विचारता तिनं दुर्बीण माझ्या हातात दिली.

तळं तुडुंब भरलं होतं. घरटं जेमतेम पाण्याच्या वर होतं. नर आणि मादी दोघंही चोचीनं गवत उपसून अंड्यांखाली सारत होती. एक थर चढवला की पाणी तेवढंच वर येई. मादी बसायची, उठायची, पुन्हा ओढायची.

"मी जाते पाण्यात," मावशी म्हणाली. "परात ठेवते अंड्यांखाली."

शेजारचा विष्णू तेवढ्यात बांधावरून आला. त्याचं सोयाबीनचं शेत तळ्याला लागून, त्यात पाणी शिरलेलं. तो म्हणाला, "बाईजी, हाथ मत लगाजो. घरटं सोडून जाएगा वो. पानी सांडव्यातून निकलताच नी. वहाँ कईं अटक्यो है."

सांडवा म्हणजे तळं भरलं की जादा पाणी जायची दगडी वाट. ती पलीकडच्या टोकाला होती आणि तिच्यात काहीतरी अडकलं होतं. मावशी त्याच्या आधीच चालू लागली होती.

आम्ही तिघं बांधावरून घसरत सांडव्यापाशी पोचलो. काकांना मावशीनं ओट्यावर बसवलं, दुर्बीण आणि फोन देऊन. सांडव्याच्या तोंडाशी जलकुंभीची, म्हणजे जलपर्णीची, हिरवी गादीच साचली होती. विष्णूनं विळ्यानं ती कापायला सुरुवात केली, आम्ही हातानं ओढून बाहेर फेकत होतो. खाली मासे धरायचं नायलॉनचं जाळं लागलं, कोणीतरी टाकलेलं, दगडांत घट्ट अडकलेलं. सगळा कचरा त्यानंच धरून ठेवला होता. विष्णूनं जाळं धरून हिसका दिला आणि एकदम मागे उडी मारली.

जाळ्यात अजगर होता.

माझ्या मांडीएवढा जाड, अंगावर तपकिरी नक्षी. नायलॉन त्याच्या अंगात रुतलं होतं. तोंड पाण्याबाहेर काढून तो निपचित पडला होता, पण आम्ही पाहत होतो तोवर त्याचं अख्खं अंग एकदा आवळलं आणि सैल झालं.

मी बांधावर कधी चढले ते मला आठवत नाही. मावशी तिथेच उभी होती, गुडघाभर पाण्यात.

"फोन लाव," ती मला म्हणाली. "अर्पितला लाव."

अर्पित हा जंगल खात्यातला मुलगा, घोरपडीच्या वेळेपासून मावशीनं ज्याचा नंबर ठेवला होता. मी त्याला अजगराचं सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, मी नाल्याच्या अलीकडे अडकलोय. रस्त्यावर पाणी आहे, गाडी निघणार नाही."

तेवढ्यात विष्णूच्या फोनवर काका आले, त्यानं स्पीकर लावला. "पूर्णिमा, पाणी अंड्यांखालच्या काड्यांना लागलं. मादी उठून उभी राहिली आहे."

मावशीनं माझ्या हातातून फोन घेतला. "अर्पित, थांबता येणार नाही रे. काय करू ते सांग."

"विषारी नाही तो. पण चावतो. डोक्यावर ओलं पोतं टाका, अंधार झाला की शांत होईल. जाळं कापा, त्याला ओढू नका. मोकळा झाला की बाजूला व्हा."

मी घराकडे धावत गेले आणि कात्री, पोतं घेऊन आले. विष्णूनं पोतं टाकलं आणि त्यावर दोन्ही हात अलगद ठेवले. मावशी वाकली. तिनं कात्रीचं टोक जाळं आणि कातडीच्या मधे सरकवलं आणि एक धागा कापला. मग दुसरा. तोंडानं ती बोलत होती, मेसमधल्या तापानं फणफणलेल्या मुलांशी बोलायची त्याच आवाजात. "थांब रे बाळा. झालंच. हलू नको, लागेल तुला."

मधेच तो वळवळला. शेपटीचा विळखा तिच्या पोटरीला बसला. विष्णू म्हणाला, "बाईजी, छोड दो." मावशीनं मान हलवली आणि कापत राहिली. तिचे कान लाल झाले होते, श्वास जोरात चालला होता. मला तिची भीती वाटत होती आणि तिच्यावरून नजरही हटत नव्हती.

जाळ्याचा शेवटचा पीळ सुटला तसं विष्णूनं पोतं उचललं. अजगर क्षणभर तसाच राहिला. मग पोटरीवरचा विळखा सैल झाला आणि तो मावशीच्या पायांवरून, घाई न करता, कडेच्या बेशरमाच्या झुडपांत शिरला. शेपूट सगळ्यांत शेवटी दिसेनाशी झाली.

"आता ओढा," मावशी म्हणाली.

तिघांनी मिळून जाळं ओढलं. ते सुटलं ते एकदमच, आणि सांडव्यातून पाणी असं धावलं की मावशी चिखलात बसली. बसल्या बसल्या ती हसायला लागली. विष्णूही हसला. मी हसत होते की रडत होते, मला सांगता येणार नाही. काकांचा आवाज विष्णूच्या खिशातल्या फोनमधून येत होता, "अरे कोणी बोला तरी. पाणी थांबलंय इकडे. ऐकताय का? उतरतंय."

आम्ही परतलो तेव्हा मादी अंड्यांवर बसली होती. नर बाजूला उभा राहून अजूनही काड्या ओढत होता.

पिल्लं बाहेर आली तेव्हा मी तिथे नव्हते. मावशीनं फोनवर सांगितलं की ती तांबूस-पिवळी आहेत आणि दुसऱ्याच दिवशी आईमागून पोहायला लागली. बातमी पसरली. मेसमध्ये जेवलेली जुनी मुलं, आता नोकरीधंद्याला लागलेली, बायकामुलांसह रविवारी येऊ लागली. मावशी त्यांना ओट्यावर मांडी घालून बसवायची आणि कुजबुजत चहा विचारायची.

एक पिल्लू महिनाभरात नाहीसं झालं. कुत्री, कोल्हा, की आणखी काही, कळलं नाही. त्या आठवड्यात फोन काकांनीच उचलला. काका म्हणाले, ती सकाळ-संध्याकाळ बांधावर काठी घेऊन फिरते.

दुसरं वाढलं. थंडी सुरू झाली तेव्हा ते आईबापांबरोबर हरभऱ्याच्या शेतात चरायचं, पंख उघडून धावायचं आणि पुन्हा थांबायचं. एका सकाळी मावशी मला आवळ्याच्या लोणच्याचं प्रमाण सांगत होती. मध्येच तिचं बोलणं तुटलं.

"रुची," ती म्हणाली, "ते उडालं." मग, "घरावरून चाललंय, आपल्या घरावरून. अहो, बाहेर या लवकर." फोन तिनं कुठेतरी ठेवला असावा. मला वरून जाणाऱ्या तीन पक्ष्यांचे कर्णे वाजल्यासारखे आवाज ऐकू आले आणि अंगणातून धावणारी मावशीची पावलं.