साखऱ्यातल्या कुत्र्याला दुसऱ्यांदा रक्त दिलं तेव्हा

बैलांना बुळकांडी रोगाची लस टोचायला जनावरांचे डॉक्टर साखरा गावात आले, त्या दिवशी मीही तिथंच होतो, शिवाशिवीविरुद्धची पत्रकं घेऊन. निजामी अमलात कागद वाटणं बिनधोक नव्हतं. गर्दीत घुसून वाटायचे. त्या दिवशी बैलांमुळं गर्दी आयतीच जमली होती.

तेवढ्यात गावातले एक शेतकरी काका घोंगडीत कुत्रा घालून पळत आले. रानडुकरानं त्याची मांडी फाडली होती. त्यांच्याच ओसरीवर डॉक्टरांनी टाके घातले, मग ओठ वर करून हिरड्या पाहिल्या. चुन्यासारख्या पांढऱ्या.

"रक्त फार गेलंय. दुसऱ्या कुत्र्याचं द्यावं लागेल."

"मंग ह्याचा भाऊ हाय की घरी," काका म्हणाले. "एका वेताचे दोघं. गेल्या साली बी तुमी त्याचंच दिलं व्हतं. बराबर उठला."

"त्याचीच तर भीती आहे. पहिल्या वेळी अंगाला परकं रक्त ओळखू येत नाही, बहुतेक वेळा खपून जातं. पण एकदा ओळख पटली की दुसऱ्या वेळी अंग तेच रक्त फोडून टाकतं. जनावर हातचं जातं."

"सख्ख्या भावाचं परकं कसं?"

"एका वेताची पिल्लं एका रंगाची असतात का? रक्ताचंही तसंच."

ओसरीखाली लमाणांच्या तांड्यावरची एक बाई बैल टोचून घ्यायला थांबली होती. तिचा काळा दांडगा कुत्रा बैलाच्या पोटाखाली पडून होता. मी बोट दाखवलं. "हा घ्या."

काकांचं तोंड वाकडं झालं. "तांड्याचं? माझ्या कुत्र्यात?"

माझं डोकंच फिरलं. पायरीवर चढून मी सुरू केलं: रक्त सगळ्यांचं एकच, माणसाचं काय न् कुत्र्याचं काय, मरायला टेकलेल्या जनावरापुढंही तुम्हाला सोवळं सुचतं? आणि डॉक्टर, तुम्ही कशाची वाट पाहताय, टोचा की!

डॉक्टर काचेच्या पट्ट्या पुसत होते. "पत्रकवाले, माणसातली जात खोटी, कबूल. पण रक्ताचे प्रकार खरे आहेत. ते घराण्यावरून कळत नाहीत, काचेवर बघावे लागतात. कुत्रा यांच्या सोवळ्यानं मरेल, तसा तुमच्या घाईनंही मरेल."

तेवढ्यात ती बाई पुढं आली.

"आन माझा कुत्रा देनारा तू कोन रं? मला ईचारलंस काय?"

लोक खदखदून हसले. हसू द्या, बरोबरच होतं. वर्षभर तांड्यावरच्यांच्या हक्कांसाठी घसा कोरडा केला होता आणि त्यांचाच कुत्रा न विचारता वाटून मोकळा झालो होतो.

"चुकलं, याडी," तिच्या बोलीत आई म्हणून हाक मारत मी म्हणालो. "देता का?"

"माझा मरंल का, ते सांगा आधी." हे डॉक्टरांना.

"वजनदार आहे. थोडंच घेईन. दोन दिवस राबवू नका, पाणी भरपूर पाजा."

"जुळलं तर घ्या. पन मी त्याच्यापाशी बसनार. वर, ओसरीवर."

काकांनी मान वर केली नाही. हात कुत्र्याच्या छातीवर होता, ती भराभर उडत होती. "या वर," ते म्हणाले.

जखमी कुत्र्याचं थोडं रक्त काचेच्या नळीत उभं ठेवलं. ते गोठून वर पिवळसर पाणी सुटेपर्यंत आम्ही नुसते तळमळत होतो. मग त्या पाण्याचा एकेक थेंब दोन पट्ट्यांवर. एकीत भावाचं रक्त मिसळलं, दुसरीत तांड्याच्या कुत्र्याचं. भावाच्या पट्टीवर बघता बघता कण धरले, फाटलेल्या दुधासारखे. दुसरी पट्टी गुळगुळीत लाल. हलवली, उन्हात धरली, पुन्हा हलवली. गुळगुळीतच. मी हात पुढं केला, पण पट्टी माझ्या हातात द्यायला डॉक्टर तयार होईनात.

भावाचा पत्ता कटला. तांड्याच्या कुत्र्याचं रक्त, गोठू नये म्हणून औषध घातलेल्या बाटलीत घेतलं आणि थेंब थेंब सोडलं. बाई आपल्या कुत्र्याचं डोकं मांडीवर घेऊन त्याच्याशी तिच्या बोलीत बोलत बसली. काका बाटली उंच धरून उभे. हात भरून आले तरी दुसऱ्याला देईनात.

हिरड्यांवर गुलाबी छटा आली तसा मी ओरडलो. डॉक्टरांनी दटावलं, "लघवी बघितल्याशिवाय नाही. तांबडी-काळी आली तर आतलं रक्त फुटतंय समजा."

मग काय, अख्खं साखरा गाव एका कुत्र्याच्या मुताची वाट बघत बसलं. दिवस कलला. लसीचे बैल घरी गेले, माणसं हलेनात.

"काहून थांबलाय रे बाबा," काका त्याच्या कानाशी म्हणत होते.

शेवटी तो धडपडत उठला, ओसरीच्या खांबाला टेकला आणि सोडली धार. बाई आधी वाकली, मग काका, मग मी.

"पिवळी हाय," बाई म्हणाली.

काकांनी स्वतः बोट लावून पाहिलं. "पिवळीच," ते म्हणाले, आणि तिथंच ओल्या खांबाशी मटकन बसले.